पेटीवाल्याचं कोपर

संगीताला वाहिलेलं नियतकालिक काढायचं ठरलं की पहिल्या बैठकीत पहिला प्रश्न हमखास एकच असतो, "दिसायला कसं हवं?" आत काय असेल, कोण लिहील, कोण वाचेल हे सगळं नंतर. आणि या प्रश्नाचं उत्तरही ठरलेलं असतं. कुणीतरी पिशवीतून एखादं गुळगुळीत कागदाचं मासिक काढतं, टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "असं!"

माझं म्हणणं एवढंच आहे की "असं" म्हणायच्या आधी "असं का?" हे विचारायला हवं.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आमच्या गावातल्या संगीत मंडळाचं एक त्रैमासिक निघतं. बत्तीस पानं, मध्ये दोन पिना, चारशे प्रती, सगळ्या टपालाने सभासदांच्या घरी. पोटापाण्यासाठी मी डीटीपी करते. लग्नपत्रिका, अहवाल, दुकानांची बिलबुकं, जे येईल ते. त्रैमासिकाची मांडणी मात्र गेली नऊ वर्षं हौसेने करते आहे. यंदा अंकाचं रूप बदलायचं ठरलंय आणि त्यावरून मंडळात सरळ सरळ दोन तट पडलेत. एका तटाला "इंटरनॅशनल लुक" हवाय. दुसऱ्या तटाला जे आहे तेच हवंय, म्हणजे वर सरस्वती, खाली वीणा आणि मध्ये अनुक्रमणिका. माझं दोन्ही तटांशी भांडण आहे. बैठकीत मला धड बोलता येत नाही, समोरचा मोठ्याने बोलला की मी चहाचे कप गोळा करायला लागते. म्हणून इथे लिहिते. मंडळातले दोघं-तिघं हे वाचतात हे मला माहीत आहे. वाचू देत.

आता मुद्द्यावर येते.

माझी भाची इंग्लंडात वाढली. काही वर्षांपूर्वी तिला शाळेत माध्यमांचा अभ्यास हा विषय होता आणि त्यात एक प्रकल्प होता, एका नव्या संगीत मासिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिकेचं पान आणि समोरासमोरच्या दोन पानांवरचा एक लेख स्वतः तयार करायचा. फोटो स्वतः काढायचे, मजकूर स्वतः लिहायचा. आणि शेवटी एक प्रश्न होता तो मला फार आवडला. तुमच्या अंकाने रूढ संकेत कुठे वापरले, कुठे पुढे नेले आणि कुठे मोडले, ते सांगा. आपल्याकडे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना असा प्रश्न कुणी विचारत नाही. आपल्याकडे तो पन्नाशीच्या मंडळींनाही कुणी विचारत नाही!

तिने त्यासाठी दुकानातली मासिकं समोर ठेवून एक यादी केली होती आणि मला पाठवली होती. मावशी हेच काम करते ना, तपासून दे म्हणून. मासिकाचं नाव वर, ठळक, नेहमी त्याच अक्षरांत. एकाच कलाकाराचा मोठा फोटो, कमरेपासून वर, नजर थेट वाचकाकडे. डोकं नावाच्या थोडंसं वर आलेलं. डाव्या बाजूला लहान मथळे. सगळ्यात मोठा मथळा फोटोतल्या माणसाचा. जास्तीत जास्त तीन रंग. बारकोड खाली कोपऱ्यात. आत लेखाचं पहिलं अक्षर मोठं, मजकूर रकान्यांत, मुलाखतीतलं एखादं झणझणीत वाक्य उचलून मोठ्या टायपात मधोमध.

यादी अगदी बरोबर होती. मी तिला फक्त एक गोष्ट सुचवली, प्रत्येकापुढे कारण लिही. आणि ती कारणं शोधताना मलाच बरंच शिकायला मिळालं.

डावीकडे मथळे का? तिथल्या दुकानात मासिकं मांडणीवर एकावर एक सरकवून ठेवतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला पुष्कळदा डावीकडची पट्टीच दिसते. जे विकायचं ते त्या पट्टीत. डोकं नावाच्या वर का? कारण ते मासिक इतकं ओळखीचं आहे की दोन अक्षरं झाकली गेली तरी वाचक नाव ओळखतो, हे मिरवायचं असतं. नव्या मासिकाने तसं केलं तर नाव झाकलं जातं आणि मिरवणं राहून जातं. नजर वाचकाकडे का? कारण गर्दीत आपल्याकडे बघणाऱ्या माणसाकडे आपण बघतोच.

नावांचंही तसंच. ब्रिटनमध्ये १९८६ साली 'क्यू' नावाचं संगीत मासिक सुरू झालं. लाल चौकटीत एक पांढरं अक्षर, बस्स. रेकॉर्डवर सुई ठेवायला तयार करणं या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यांना नाव म्हणून घ्यायचा होता, पण तो वाचून लोकांना ते स्नूकरचं मासिक वाटेल अशी भीती वाटली, म्हणून तीन अक्षरांचं एक अक्षर केलं. छापील 'क्यू' २०२० मध्ये बंद पडलं, पण ती लाल चौकट अजून लोकांना आठवते. 'केरँग!' हे १९८१ पासूनचं हेवी मेटलवाल्यांचं. इलेक्ट्रिक गिटारवर जोरात हात मारला की जो आवाज येतो तेच त्याचं नाव, आणि अक्षरं तडा गेलेल्या काचेसारखी. ज्याला ते संगीत आवडतं त्याला आत काय आहे हे दहा फुटांवरून कळतं. 'स्मॅश हिट्स' १९७८ ते २००६ चाललं, त्याचा जीव गाण्यांच्या छापलेल्या शब्दांत होता. आपल्याकडे सिनेमा थिएटरबाहेर गाण्यांच्या चोपड्या मिळायच्या, आईच्या ट्रंकेत अजून चार-पाच असतील. वाचकाला काय हवं आहे ते ओळखलं की मांडणी आपोआप ठरते, याचं याहून साधं उदाहरण नाही.

म्हणजे संकेत म्हणजे करार. मासिक काढणारा आणि वाचणारा यांच्यातला न लिहिलेला करार. मोठं अक्षर दिसलं की इथून वाचायला लाग. चौकट दिसली की हे वेगळं, नंतर वाचलंस तरी चालेल. तिरपी बारीक ओळ फोटोखाली दिसली की यात कोण आहे ते इथे सांगितलंय. वाचक हे कधी शिकत नाही, पण त्याला ते ठाऊक असतं. समेवर मान हलवायला कुठे कोण शिकवतं?

आता हे सगळं आमच्या चारशे प्रतींना लावून बघू.

आमचा अंक दुकानात जात नाही. तो टपालाच्या पाकिटातून घरी येतो. वाचकाने वर्गणी आधीच भरलेली आहे. मग डावीकडच्या पट्टीत मथळ्यांची गर्दी कुणासाठी? "आतल्या पानांत: अमुक यांची सनसनाटी मुलाखत!" हे कुणाला ओरडून सांगायचं? पाकीट फोडणाऱ्या काकूंना? त्या अंक उघडणारच आहेत. बारकोड नकोच. एका उत्साही सभासदाने सुचवलं होतं की "खरं मासिक वाटावं म्हणून" बारकोडचं चित्र टाकू. दुकान नाही, यंत्र नाही, किंमत नाही, नुसत्या रेघा! हा मला अनुकरणाचा कळस वाटतो. कारण मेलं आणि रूप उरलं.

दुसऱ्या तटालाही हेच लागू आहे. सरस्वतीचं चित्र कधीतरी कुणीतरी विचार करूनच घातलं असणार. पण गेली नऊ वर्षं तोच ब्लॉक, तीच जागा. परिणाम असा की मार्चचा अंक आणि जूनचा अंक टेबलावर शेजारी ठेवले तर आमच्या अध्यक्षांनाही वेगळे ओळखता येत नाहीत. मराठीत मुखपृष्ठाची परंपरा काही कमी नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण मुखपृष्ठांकडे बघत आलोय. दीनानाथ दलालांची 'दीपावली'ची मुखपृष्ठं लोकांनी कापून भिंतीवर लावली. परंपरा म्हणजे तोच ब्लॉक पुन्हा छापणं नव्हे, हे निदान गाण्याच्या माणसांना सांगायला लागू नये. बंदिश तीच असते, पण रोज तीच तान कोण घेतं?

आणखी एक अडचण आहे, ती आमच्या तरुण मंडळींच्या लक्षात येत नाही, कारण त्यांनी नमुना म्हणून समोर ठेवलेली मासिकं इंग्रजी आहेत. इंग्रजीत मोठी लिपी आणि लहान लिपी असते. कलाकाराचं नाव सगळं मोठ्या लिपीत टाकलं की ते उठून दिसतं. देवनागरीत ती सोयच नाही. अक्षरांमध्ये फट सोडून नाव ऐसपैस पसरवणं ही इंग्रजीतली दुसरी आवडती युक्ती. ती देवनागरीत केली की शिरोरेषा तुटते आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं. लेखाचं पहिलं अक्षर तीन ओळी उंच करायचं म्हटलं तर त्याची शिरोरेषा शेजारच्या ओळीच्या शिरोरेषेशी जुळत नाही. आणि लेख "रियाज" या शब्दाने सुरू होत असेल तर मोठं काय करायचं, नुसता र की वेलांटीसकट रि? "प्रत्येक"ने सुरू झाला तर अख्खं प्र घ्यावं लागतं. ओळींमधलं अंतरही इंग्रजीइतकं कमी ठेवून चालत नाही, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. तात्पर्य, साचा उचलून आणला तरी त्यात ओतायचा धातू वेगळा आहे. आपल्याकडे उठाव आणायचा तर अक्षराच्या जाडीने, आकाराने, रंगाने आणि आजूबाजूला सोडलेल्या मोकळ्या जागेने. मला विचाराल तर सगळ्यात जास्त मोकळ्या जागेनेच.

आणि स्वरलेखन! संगीताच्या अंकात बंदिशी छापायच्या म्हटल्यावर ते आलंच. भातखंड्यांच्या पद्धतीत अक्षरावर टिंब म्हणजे तार सप्तक आणि खाली टिंब म्हणजे मंद्र. पलुस्करांच्या पद्धतीत तेच वरचं टिंब मंद्र सप्तकासाठी असतं आणि तारासाठी वर उभी रेघ. दोघेही विष्णू, पण टिंबं उलटी. त्यात देवनागरीत वरचं टिंब म्हणजे अनुस्वार आधीच आहे. आमच्या सभासदांत दोन्ही पद्धतींत शिकलेले लोक आहेत. मागे एका अंकात दोन वेगळ्या लेखकांनी दोन पद्धतींत बंदिशी दिल्या होत्या. मी दोन्हींच्या वर चौकटीत खुणांचा अर्थ छापला, तर एका जाणकारांनी "एवढंही समजत नाही का लोकांना" म्हणून नाक मुरडलं. पण करार लिहून ठेवण्यात कमीपणा कसला? खूण एकच आणि अर्थ विरुद्ध असेल तर तो सांगावाच लागतो. संकेत म्हणजे काय हे त्या एका टिंबाने मला जितकं शिकवलं तितकं कुठल्या पुस्तकाने नाही.

संकेत मोडायचे की नाहीत? जरूर मोडावेत. पण मोडण्यालाही काहीतरी म्हणायचं असावं लागतं.

याची दोन उदाहरणं माझ्या मनात नेहमी शेजारी शेजारी उभी असतात. पहिलं अमेरिकेतल्या 'रे गन' मासिकाचं. डेव्हिड कार्सन हे त्याचे मांडणीकार. १९९४ मध्ये त्यांच्याकडे ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत आली, त्यांना ती कंटाळवाणी वाटली आणि त्यांनी ती सगळीच्या सगळी चिन्हांच्या टायपात लावली. म्हणजे अक्षरांच्या जागी चौकोन, फुल्या, चांदण्या. एक शब्द वाचता येईना. (वाचता येईल अशा टायपातली मुलाखत त्याच अंकात मागे दिली होती म्हणतात ते खरं आहे, तेवढी दया केली.) या गोष्टीचं मांडणीच्या जगात फार कौतुक आहे. मला हसू येतं, पण कौतुक वाटत नाही. कुणीतरी बोललं, कुणीतरी ते लिहून घेतलं, आणि मांडणी करणाऱ्याने ठरवलं की हे ऐकण्यासारखं नाही. तबलजीने गायकाला कंटाळून मध्येच स्वतःचा कायदा सुरू करावा तसं ते झालं.

दुसरं 'रोलिंग स्टोन'चं. हे मासिक १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं आणि पहिल्याच अंकावर जॉन लेनन होते. ८ डिसेंबर १९८० रोजी छायाचित्रकार अॅनी लीबोवित्झ यांनी लेनन आणि योको ओनो यांचा फोटो काढला, आणि त्याच रात्री लेनन यांचा खून झाला. जानेवारी १९८१ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो फोटो आला. वर मासिकाचं नाव आणि खाली फोटो. मथळा नाही, बातमी नाही, "आत वाचा" नाही. ज्या वाचकाला दर अंकाला मथळ्यांची सवय होती त्याला त्या दिवशी न छापलेले मथळे वाचता आले. पुढे २००५ मध्ये अमेरिकेतल्या मासिक संपादकांच्या संस्थेने चाळीस वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून त्याची निवड केली.

पहिल्या उदाहरणात मांडणी करणारा बोलला. दुसऱ्यात तो बाजूला झाला. साथ कशी करावी याबद्दल माझे काका जे सांगत, ते हेच.

काकांचा विषय निघालाच आहे तर आता मूळ दुखण्याकडे येते. घरची मंडळी ओळखतीलच.

माझे काका पेटी वाजवत. चाळीसेक वर्षं साथ केली, मोठ्यांना केली, छोट्यांना केली, परीक्षेला बसलेल्या मुलींना केली. त्यांच्या मागे घरात एक निळी फाईल राहिली, कात्रणांची. वर्तमानपत्रं, मासिकं, स्मरणिका. मी ती मांडणीवालीच्या नजरेने एकदा नीट बघितली. एकूण एकतीस कात्रणं. त्यातल्या नऊ ठिकाणी त्यांचं नाव आहे. पाच ठिकाणी "व साथीदार". उरलेल्या सतरा ठिकाणी काहीच नाही. फोटो बहुतेक सगळ्यांत गायकाचा, आणि डाव्या कडेला पेटीचा भाता आणि एक कोपर. ते कोपर काकांचं. झब्ब्याच्या बाहीवरून काकू ओळखायच्या, "हा निळा, म्हणजे मिरजेचा कार्यक्रम."

हे कुणी दुष्टपणाने केलेलं नाही. मी याच धंद्यात आहे, मला ठाऊक आहे ते कसं होतं. रकाना अरुंद असतो, फोटो आडवा असतो, रात्रीचे अकरा वाजलेले असतात. मग "मुख्य माणूस" ठेवून दोन्ही कडा कापायच्या. संकेतच तो आहे ना, एक चेहरा, मोठा, मधोमध. हाच संकेत भाचीच्या यादीत पहिल्या पाचांत होता आणि हाच आमची तरुण मंडळी "इंटरनॅशनल लुक" म्हणून मागताहेत.

आता तो संकेत कुठून आला ते बघा. रॉक आणि पॉपच्या धंद्यात एक चेहरा विकला जातो. त्याचे केस, त्याचे कपडे, त्याचं बंड, हे सगळं त्या संगीताचाच भाग आहे. तिथे तो संकेत खरा आहे, मला त्याची चेष्टा करायची नाही. तिथेही चार जणांचा बँड असेल तर मुखपृष्ठावर पुष्कळदा चौघं उभे असतात, कारण चौघांची नावं वाचकाला पाठ असतात. पण आपल्या मैफलीत काय असतं? एक गाणारा. त्याच्या एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे दोन तानपुरे. यातला एकही काढला तर ती मैफल राहत नाही. तबलजी ठेका धरतो म्हणून सम सापडते. पेटीवाला गायकाच्या मागून सावलीसारखा जातो आणि श्वास घ्यायला जागा देतो. तानपुरा बंद पडला तर दुसऱ्या मिनिटाला सगळे अस्वस्थ होतात, आणि तो कोण छेडत होतं हे कुणालाही सांगता येत नाही. बहुधा एखादी शिष्या. तिचं नाव आजवर एकाही चित्रओळीत मी वाचलेलं नाही.

जे संगीत पाच माणसं मिळून करतात त्याचं चित्र एकाच चेहऱ्याचं काढलं, तर ते चित्र चूक आहे. सुंदर असेल, पण चूक आहे. आणि मासिकातली मांडणी ही नुसती सजावट नसते. पंचवीस वर्षांनी त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण राहील न राहील, वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या असतील नसतील, पण एखाद्या नातीच्या हाती हा अंक पडेल. तेव्हा त्या पानावर जे नाव आहे तो माणूस तिथे होता आणि जे नाही तो नव्हता. चौकट ओढताना आपण हे ठरवत असतो, रात्री अकरा वाजता, घाईत.

यावर मंडळातला एक आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय. "सगळेच मोठे केले तर कुणीच मोठं राहणार नाही. वाचक शेवटी गायकासाठीच येतो."

खरं आहे. मीही सगळ्यांचे चेहरे एकाच आकाराचे करा म्हणत नाही. पानावर उतरंड लागतेच. सगळाच मजकूर ठळक केला तर काहीच ठळक दिसत नाही, हे मी लग्नपत्रिकेवाल्यांना रोज समजावते ("आजोबांचं नावही मोठं, मामांचंही मोठं, मग वधू-वर कुठे टाकू?"). मैफलीतही उतरंड असते, गायक मधोमध बसतो, माईक त्याच्यापुढे असतो. पण लहान असणं आणि नसणं यात फरक आहे. काका कधी मधोमध बसायला निघाले नव्हते. त्यांना आपलं कोपर पुरलं असतं, त्याखाली नाव असतं तर.

म्हणून माझ्या मनातला नवा अंक असा आहे. बैठकीत मांडता येणार नाही म्हणून इथेच ओळीने सांगते.

अंकाचं नाव वर राहील, नेहमी त्याच अक्षरांत. शिरोरेषा अखंड, आणि कुणाचंही डोकं त्यावर येणार नाही. आपण अजून तेवढे ओळखीचे झालेलो नाही. मुखपृष्ठावर मथळे नाहीत, फक्त महिना आणि एक ओळ. फोटो मैफलीचा, आडवा, आणि तो कुठल्याही कडेने कापायचा नाही. आडवा फोटो उभ्या पानावर बसत नसेल तर वर-खाली मोकळी जागा सोडायची. ती जागा वाया गेली असं वाटणाऱ्यांनी दोन आवर्तनांमधल्या शांततेचा विचार करावा. किंवा मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ मिळून एकच फोटो टाकायचा, म्हणजे अंक उलगडून पालथा ठेवला की अख्खी बैठक दिसेल. खर्च तेवढाच येतो, मी छापखान्यात विचारून ठेवलंय.

प्रत्येक फोटोखाली चित्रओळ, आणि त्यात डावीकडून उजवीकडे सगळी नावं, तानपुऱ्यासकट, एकाच टायपात. "व साथीदार" हे शब्द या अंकातून कायमचे हद्दपार. नाव माहीत नसेल तर फोन करायचा. फोन करूनही कळलं नाही तर "तानपुरा: नाव मिळाले नाही" असं स्पष्ट छापायचं. ती रिकामी जागा दिसली पाहिजे. अनुक्रमणिकेत लेखासोबत लेखकाचं नाव असतं तसं फोटो काढणाऱ्याचंही असेल. बंदिशींच्या वर टिंबांचा करार लिहिलेला असेल, कुणी कितीही नाक मुरडो. मोठ्या टायपातलं उचललेलं वाक्य दर अंकात एकच, आणि चार अंकांतल्या निदान एका अंकात तरी ते साथीदाराच्या मुलाखतीतलं.

पाहिलंत ना, यातला एकही संकेत मी शोधून काढलेला नाही. नाव वर, फोटोखाली ओळ, मोठ्या टायपातलं वाक्य, सगळं भाचीच्या यादीतलंच. फक्त प्रत्येकापुढचं कारण आमच्या गावचं आहे.

कुणी म्हणेल, चारशे प्रतींच्या अंकासाठी एवढा काथ्याकूट कशाला. चारशे प्रती म्हणजे चारशे घरं हो. माझ्या कामाच्या एखाद्या गुळगुळीत अहवालाच्या हजार प्रती निघतात आणि त्या कुणी उघडत नाही. हे चारशे लोक पाकीट फोडून, चष्मा लावून, पहिल्या पानापासून वाचतात आणि र्‍हस्व-दीर्घ चुकलं तर पत्र पाठवतात. इतका चांगला वाचक 'रोलिंग स्टोन'लाही मिळत नसेल :-)

असो. बैठक पुढच्या रविवारी आहे. तोपर्यंत एक काम घरच्यांसाठी. निळ्या फाईलमधल्या त्या सतरा कात्रणांचे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले आहेत. गाणारे कोण ते मला कळतंय. तबल्यावर कोण आहेत, मागे तानपुऱ्यावर कोण आहे, कुणाला चेहरा ओळखू येतोय का बघा. आत्याला आणि पुण्याच्या काकूला दाखवा, त्यांना नावं आठवतात. फोटोच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवणार आहे. पेन्सिलनेच, शाई पुढून उमटते.